बोरीकाठचा शिलालेख आणि जळकोटची वाट

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात जळकोट हे गाव आहे. (लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे जळकोट ते वेगळे, दोहोंची गल्लत नेहमी होते.) गावाच्या नावात ‘जळ’ही आहे आणि ‘कोट’ही आहे. जळ आणि कोट यांची खरी गाठ मात्र तेथून सुमारे आठ किलोमीटर पश्चिमेला, नळदुर्ग येथे, बोरी नदीच्या पात्रात पडलेली दिसते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात नदीला पाणी आले की आपल्या धर्मग्रामांतून, युवक मंडळांतून, शाळांतून नळदुर्गच्या सहलींचे बेत ठरू लागतात. मंडळी जातात, नर-मादी धबधब्यासमोर उभी राहून छायाचित्रे काढतात, डबे उघडतात आणि परततात. ज्या भिंतीवरून ते पाणी कोसळते त्या भिंतीने स्वतःविषयी दगडावर काय लिहून ठेवले आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात ती चौकशी करण्याचा आमचा विचार आहे. त्याच नदीकाठावर ३३५ वर्षांनंतर घडलेल्या दुसऱ्या एका प्रसंगाचाही उल्लेख येथे येईल, कारण त्या प्रसंगात जळकोटचे नाव आहे.

प्रथम भिंतीविषयी. नळदुर्गचा किल्ला काळ्या बसाल्ट खडकात, बोरी नदीच्या वळणावर बांधलेला आहे. नदीच्या एका बाजूस मुख्य किल्ला आणि पलीकडच्या तीरावर ‘रणमंडळ’ नावाची वेगळी तटबंदी आहे. या दोहोंना जोडणारा दगडी बंधारा नदीच्या आरपार घातलेला आहे. हा बंधारा एकाच वेळी तीन कामे करतो. तो पाणी अडवतो, त्यामुळे किल्ल्यातील शिबंदीला वेढ्याच्या काळातही पाणी मिळते. अडलेल्या पाण्याचा फुगवटा दोन्ही तटबंद्यांच्या मध्ये भरून राहतो आणि त्याचा खंदक होतो. शिवाय त्याच्या माथ्यावरून किल्ल्यातून रणमंडळात जाता येते. म्हणजे जी नदी शत्रूला आडवाट ठरावी तिलाच बांधकाम करणाराने तटाचा भाग करून टाकले. किल्ल्यांना पाण्याची टाकी असतात, विहिरी असतात, तलाव असतात. पण वाहती नदी अशा रीतीने किल्ल्यात सामावून घेतल्याची उदाहरणे दख्खनमध्ये फार थोडी सापडतील.

या बंधाऱ्याच्या पोटात मजले काढलेले आहेत. माथ्यावरून जिन्याने खाली उतरले की आपण धरणाच्या भिंतीच्या आत येतो. तेथे कमानी असलेले सुबक दालन आहे आणि त्याचे झरोके प्रवाहाच्या खालच्या बाजूस उघडतात. डोक्यावर पाणी, पाठीमागे पाणी, समोर कोसळणारे पाणी. आणि आपण मध्ये कोरडे उभे! यालाच पाणीमहाल म्हणतात. पाणी बाहेर पडण्यासाठी बंधाऱ्यात दोन सांडवे ठेवलेले आहेत. त्यांतून पडणाऱ्या दोन धारांना लोकांनी ‘नर’ आणि ‘मादी’ अशी नावे दिली. नावे मजेदार असली तरी सांडव्यांचे काम गंभीर आहे. पुराचे पाणी कोठून जाऊ द्यायचे हे आधी ठरवले नाही तर ते पाणी आपली वाट स्वतः काढते आणि त्या वाटेत भिंत उरत नाही. ही भिंत चार शतके उरली, याचे बरेचसे श्रेय या सांडव्यांच्या योजनेला द्यावे लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने याच भागातील लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेच्या गावे जमीनदोस्त केली, हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी तेव्हा मदतकार्यात भाग घेतला त्यांना ते दिवस विसरता येणार नाहीत. तो धक्काही या बंधाऱ्याने सोसला आणि तो उभा राहिला.

आता शिलालेखाकडे वळू. पाणीमहालात फारसी भाषेतील लेख आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत मीर इमादीन याने हे काम केले, असे तो सांगतो आणि काळ इ.स. १६१३ चा देतो. पुढे त्यात एक काव्यमय वाक्य आहे. त्याचा आशय असा, की हा महाल पाहून मित्रांची दृष्टी उजळेल आणि शत्रूंची मंदावेल. राजाच्या नावाचा लेख असणे यात नवल नाही. शिल्पकाराचे, आजच्या भाषेत अभियंत्याचे नाव लेखात असणे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. दख्खनमधील किती पूल, बारव, तलाव कोणी बांधले हे आपण सांगू शकतो? राजाचे नाव कळते, फार तर खर्च करणाऱ्या सरदाराचे कळते. ज्याने पाण्याचा जोर मोजला, दगड कसा बसवायचा ते ठरवले, त्याचे नाव बहुधा गडप होते. येथे ते उरले आहे.

परंतु पुस्तकांमध्ये याच बंधाऱ्याविषयी दुसरी माहिती आढळते. ब्रिटिश काळातील इम्पीरियल गॅझेटियरमध्ये बोरी नदीवरील बंधारा अली आदिलशाहाने १५५८ मध्ये बांधला असे नमूद आहे, आणि ते वर्ष अनेक लेखांतून पुढे जसेच्या तसे उतरत आले. अली आदिलशाह पहिला हा १५५८ मध्येच गादीवर आला आणि किल्ल्याच्या तटबंदीत त्याने मोठी भर घातली, किल्ल्याला ‘शहादुर्ग’ हे नावही त्याच्याच काळातील. इब्राहिम दुसरा त्याच्यानंतर, १५८० ते १६२७ असा राज्यावर होता. म्हणजे दोन विधानांमध्ये पंचावन्न वर्षांचे आणि एका पिढीचे अंतर आहे. वाचकांनी कोणते मान्य करावे? आमच्या मते येथे दगडाचा शब्द मानला पाहिजे. बांधकामात बसवलेला लेख हा त्या बांधकामाच्या वेळचा साक्षीदार असतो. गॅझेटियर तीनशे वर्षांनी, ऐकीव आणि लिखित साधने एकत्र करून तयार झाले. त्याच जागी अलीच्या काळी एखादा लहान बांध असणे अशक्य नाही. तरी आज ज्या दालनात आपण उतरतो त्याचे श्रेय लेखाप्रमाणे मीर इमादीनकडेच जाते. सहलीला मुलांना नेणाऱ्या शिक्षकांनी आणि मार्गदर्शकांनी निदान एवढे तरी तपासून सांगावे, अशी आमची विनंती आहे.

लोकपरंपरा तर याहूनही मागे जाते. हा किल्ला नळ राजाचा, त्यावरूनच नळदुर्ग, आणि नळ-दमयंतीची कथा येथलीच, असे गावकरी सांगतात. मुसलमानी सत्तेच्या आधी येथे चालुक्यांच्या मांडलिक राजाचे ठाणे असावे असे जुने लेखक मानतात. त्यानंतर बहामनी, त्यांच्यानंतर आदिलशाही, १६८६ नंतर मोगल आणि पुढे निजाम असा या किल्ल्याच्या धन्यांचा क्रम आहे. नळ राजाची कथा हा इतिहास नव्हे. पण ज्या गावाला आपल्या पाण्याचा आणि दगडाचा अभिमान वाटतो ते गाव त्यांच्यासाठी एखादा राजा शोधून काढतेच. त्यात उपहास करण्यासारखे काही नाही.

१६१३ हे वर्ष आपल्या वाचकांच्या ध्यानात सहज राहील अशी एक खूण सांगतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापून झाले. राशोल ज्या साष्टी प्रांतात आहे तो प्रांतही पूर्वी आदिलशाहीचाच होता, आणि खुद्द गोवे पोर्तुगीजांनी १५१० मध्ये आदिलशाहाकडूनच जिंकून घेतले होते. इकडे बोरीवर फारसीत लेख कोरला जात होता, तिकडे समुद्राकाठी एक इंग्रज जेजुइट मराठी ओव्या रचत होता. आणि गंमत अशी की विजापूर दरबारातही हिशेबाच्या दप्तरांत देशी भाषेला स्थान मिळालेले होते. दिमाखासाठी फारसी आणि व्यवहारासाठी लोकांची भाषा अशी ती विभागणी होती. शिलालेख फारसीत का, याचे उत्तर त्यात आहे. हा लेख गावकऱ्यांनी वाचावा म्हणून लिहिलेलाच नव्हता.

अशा लेखाशी तुलना करण्याजोगे एक उदाहरण पवित्र शास्त्राच्या वाचकांना ठाऊक आहे. अश्शूरी सैन्याच्या स्वारीच्या काळात हिज्कीया राजाने नगरात पाणी आणण्यासाठी तलाव आणि पाट केल्याचा उल्लेख राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात येतो. जेरुसलेममध्ये खडकातून खोदलेला तो बोगदा आजही आहे आणि त्याचे पाणी शिलोहच्या तळ्याकडे जाते. १८८० मध्ये त्या बोगद्याच्या भिंतीवर प्राचीन हिब्रू लेख सापडला. सध्या तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्या लेखाच्या उपलब्ध भागात राजाचे नाव नाही. दोन बाजूंनी खोदत आलेले कामगार एकमेकांची हाक ऐकून कसे जवळ आले आणि शेवटी कुदळीला कुदळ कशी भिडली, याचे वर्णन त्यात आहे. दोन्ही कामे वेढ्याच्या भीतीने झालेली, दोन्ही पाण्याची, दोन्हींवर लेख. एकात कामगार आहेत, राजा नाही. दुसऱ्यात राजा आणि अभियंता आहेत, कामगार नाहीत. बोरीच्या पात्रात दगड वाहणारे, चुना मळणारे, पाण्यात उभे राहून पाया भरणारे हात कोणाचे होते, हे नळदुर्गचा लेख सांगत नाही. बहुधा ते याच परिसरातील, जळकोट-अणदूरसारख्या गावांतील माणसांचे असावेत, असा आमचा तर्क आहे.

मध्यंतरीच्या काळातील एक साक्षीदार मात्र विस्ताराने बोलतो. १८५३ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाडाबरोबर हा पश्चिमेकडील मुलूखही इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि त्याचे मुख्य ठाणे नळदुर्ग झाले. तेथे अधिकारी म्हणून आले कर्नल मेडोज टेलर. १८३९ मध्ये ठगांवरील कादंबरी लिहून ते आधीच प्रसिद्ध झाले होते. त्यांचा मुक्काम किल्ल्यातच असे. १८५७ मध्ये वऱ्हाडात बदली होईपर्यंत त्यांनी हा प्रदेश पायाखाली घातला. मृत्यूनंतर, १८७७ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रात नळदुर्गचे वर्णन आहे आणि त्यांच्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूरचे. पुढे १८६० मध्ये हा जिल्हा निजामाला परत मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जिल्ह्याचे नावच नळदुर्ग होते. नंतर मुख्य ठिकाण धाराशिवला गेले, त्याचे उस्मानाबाद झाले, आणि २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव. नळदुर्ग या सगळ्यात मागे पडून एक लहानसे नगर म्हणून राहिले. किल्ला टिकला त्याचे एक कारण कदाचित हेही असेल. भरभराटीला आलेली शहरे आपल्या जुन्या भिंतींना फारशी दया दाखवीत नाहीत.

आता दुसरा प्रसंग. १३ सप्टेंबर १९४८. हैदराबाद संस्थानातील रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातील खेडी त्रासून गेली होती आणि भारत सरकारने लष्करी कारवाई सुरू केली. ‘पोलीस कारवाई’ हे तिचे लोकांच्या तोंडी बसलेले नाव. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या अधिपत्याखालील मुख्य फौज सोलापूरकडून शिरली, आणि तिची पहिली लढाई झाली ती नळदुर्ग येथे. येथे निजामाच्या फौजेतील पायदळ होते. बोरीवरील पूल हाती आल्याशिवाय रणगाडे पुढे जाऊ शकत नव्हते आणि तो पूल शत्रूने उडवला असता तर सगळा बेत अडून पडला असता. भारतीय ब्रिगेडने अंधारातच अनपेक्षित चाल करून पूल शाबूत ताब्यात घेतला. त्यानंतर दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यावर हल्ला केला. सकाळी नऊ वाजता चिलखती तुकडी जळकोटमध्ये पोहोचली होती आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण याच तारखेला पाळतो.

नळदुर्गच्या त्या पहाटेच्या हल्ल्यात शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग यांची कंपनी आघाडीवर होती. त्यांनी प्रथम शत्रूची दोन वाहने रक्षकांसह पकडली. पुढे एका मशीनगनच्या माऱ्याने कंपनी अडली, तेव्हा ते आपल्या तुकडीसह त्या गनवर चालून गेले. लक्ष्य अवघे तीस यार्ड उरले असता गोळ्या त्यांच्या मांडीत शिरल्या आणि ते कोसळले. तरीही सरपटत पुढे जाऊन त्यांनी दोन हातबाँब टाकले आणि ती गन बंद पाडली. मागे नेण्यास त्यांनी नकार दिला. जवानांना धीर देत ते तेथेच राहिले आणि त्यांचा अंत झाला. १९५२ मध्ये सुरू झालेल्या अशोकचक्र सन्मानाच्या सर्वोच्च वर्गाचे ते पहिले मानकरी ठरले. पंजाबातील लोपोन गावचा हा शेतकरी घराण्यातील शिपाई आपल्या बोरीकाठी मरण पावला. नर-मादी धबधबा सर्वांना ठाऊक आहे. हे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शाळेतील मुलांना आम्ही हा प्रश्न विचारणार नाही, कारण तो आधी मोठ्यांना विचारला पाहिजे.

त्या सप्टेंबरची गोष्ट येथेच संपवली तर ती अर्धी राहील. रझाकारांनी जे केले त्याचा सूड कारवाईच्या वेळी व नंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांवर उगवला गेला. केंद्र सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात दौरा केला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचे नाव घातले. गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे अन्य तीन. संपूर्ण संस्थानातील बळींचा अंदाज समितीने २७ ते ४० हजार असा दिला. हा अहवाल अनेक दशके प्रकाशित झाला नाही. २०१३ च्या सुमारास तो सर्वसामान्यांना वाचता येऊ लागला. बचित्तरसिंग यांचे शौर्य याने तसूभरही कमी होत नाही. पण ज्या गावांत आजही दोन्ही समाज शेजारी राहतात, तेथे मुक्तीचा दिवस साजरा करताना कोणाच्या घरी त्याच महिन्यात दिवे विझले होते हे लक्षात असलेले बरे.

शेजारधर्माचे उदाहरण येथे दुसऱ्या रूपातही दिसते. नळदुर्ग आणि जवळचे अणदूर या दोन गावांचा खंडोबा एकच. देवाची मूर्ती वर्षातील थोडा काळ नळदुर्गात आणि उरलेला काळ अणदूरात असते. ठरलेल्या दिवशी पालखीतून देव एका गावाहून दुसऱ्या गावी जातो आणि मानकऱ्यांमध्ये तसा लेखी करार होतो. नळदुर्गच्या स्थानाला मैलारपूर म्हणतात व पौष पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत महामार्गावर गर्दी असते, हे प्रवासाला निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

किल्ल्यात पाहण्याजोगे आणखी पुष्कळ आहे. नऊ पाकळ्यांच्या आकाराचा नवबुरूज हा त्यातील कल्पक बांधणीचा नमुना. उपळी बुरूज सर्वांत उंच. त्यावर जुन्या तोफा आहेत आणि तेथून बोरीचे वळण, बंधारा व रणमंडळ एकाच दृष्टिक्षेपात येतात. बंधाऱ्याची योजना समजून घ्यायची असेल तर पाणीमहालात उतरण्याआधी येथे चढावे, असे आम्ही सुचवू. किल्ला राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. २०१४ पासून काही वर्षे शासनाच्या ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेखाली खासगी सहभागातून त्याची डागडुजी व सुशोभन झाले. बागा, नौका वगैरे सोयींविषयी मते भिन्न असू शकतील. झाडीझुडपांत हरवलेल्या वाटा मोकळ्या झाल्या ही गोष्ट मात्र चांगलीच झाली. भिंतींवर आपली नावे कोरणारे अजून आहेत, आणि दुर्दैवाने तेही एक प्रकारचे शिलालेखच होत.

धबधबा पाहायचा तर नदीच्या वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहू लागले पाहिजे. हे सहसा ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये घडते. पाऊस कमी झालेल्या वर्षी मुळीच घडत नाही. हा जिल्हा अवर्षणाचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी नळदुर्गला गेल्यास धबधबा दिसणार नाही. बंधाऱ्याची कोरडी भिंत, तिचे दगड, सांध्यांतील चुना आणि दोन रिकामे सांडवे दिसतील. बांधकाम समजून घेण्यास तोच काळ अधिक सोयीचा, आणि पाणीमहालातील लेखासमोर तेव्हा गर्दीही नसते. पाणी असताना दगड शेवाळलेले असतात. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असल्यास कठड्याच्या पलीकडे कोणी जाणार नाही याची जबाबदारी आधीच एखाद्यावर सोपवावी.

सोलापूरहून नळदुर्ग सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. तुळजापूरहूनही थेट रस्ता आहे. उमरगा-जळकोटकडून येणाऱ्यांना महामार्गानेच पश्चिमेकडे यावे लागते, म्हणजे १९४८ मध्ये रणगाडे ज्या दिशेने गेले तिच्या उलट. जळकोटच्या वाचकांना तर गाडी ठरवण्याचीही गरज नाही. सोलापूरकडे जाणारी एसटी धरली की थोड्याच वेळात नळदुर्गचा थांबा येतो.